आर्डिस ब्रूनची नोंद

आयोवा सिटी
९ ऑक्टोबर १९८४

प्रिय आर्डिस,

पाकिटावर ऑफिसचा शिक्का आहे, म्हणून तरी तू हे उघडशील असं वाटलं. दोनदा तू फोन आपटलास. तिसऱ्यांदा करायचा मला धीर झाला नाही.

सोबतचा फॉर्म खरोखरच कामाचा आहे. राज्यातल्या नामवंतांचा कोश आम्ही तयार करतो आहोत. विद्वान, चित्रकार, गायक, खेळाडू, न्यायाधीश, आमदार असे मिळून अकराशे लोक त्याच्या तीन खंडांत येतील. खेळाडूंच्या सगळ्या नोंदी माझ्याकडे आल्या आहेत. हयात माणसाला आम्ही हा फॉर्म पाठवतो, म्हणजे जन्म, शिक्षण, कारकीर्द यांत चुकीचं काही छापलं जाऊ नये. प्रत्येक गोष्टीला दोन पुरावे लागतात. आणि ज्याला कोशात यायचं नसेल त्याचं नाव आम्ही गाळतो. त्यासाठी अगदी खाली एक चौकोन आहे. त्यात खूण करू नकोस, एवढीच विनंती.

ट्वेट साहेब, म्हणजे आमचे मुख्य संपादक, मला म्हणाले, "सख्ख्या बहिणीची नोंद खरं तर तुम्ही लिहू नये."

मी म्हटलं, "मग दुसऱ्या कुणाला द्या."

"कुणाला देऊ? इथे कुणाला तो खेळच समजत नाही."

ते बॉस्टनचे. मग त्यांनी मला समोर बसवून खेळ समजावून घेतला. मी कागदावर मैदान काढलं आणि मधोमध रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला आपल्या आघाडीच्या तिघी, दुसऱ्या बाजूला बचावाच्या तिघी. रेघ कुणी ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा, मग एक तर बास्केटमध्ये टाकायचा, नाही तर दुसरीला द्यायचा.

"मग बचावाच्या मुलींनी गुण कधी मिळवायचे?"

"कधीच नाही."

"पूर्ण सामन्यात?"

"पूर्ण आयुष्यात, सर."

त्यांना वाटलं मी विनोद केला. मी मात्र चार वर्षं बचावात खेळलेय, त्यामुळे मला हसू आलं नाही. मग मी त्यांना डेमॉइनला दर मार्चमध्ये होणाऱ्या राज्य स्पर्धेबद्दल सांगितलं. पंधरा हजार माणसं, गावंच्या गावं ओस, आणि १९६९च्या उपांत्य सामन्यात तू एकटीने केलेले चौसष्ट गुण. ते चष्मा काढून म्हणाले, "ही नोंद पूर्ण अर्धा स्तंभ व्हायला हवी." अर्धा स्तंभ, आर्डिस. दोन माजी राज्यपालांना आम्ही त्याहून कमी जागा दिली आहे.

पेपरात आलं ते मीही वाचलं. हा सहाजणींचा खेळ बंद करून देशभर चालतो तसा मैदानभर पळायचा पाचजणींचा सुरू करावा, म्हणून शाळांच्या क्रीडा संघटनेवर जो दावा लागला आहे, त्याच्या अर्जातलं ते वाक्य होतं. 'राज्यातल्या एका विक्रमवीर मुलीला राष्ट्रीय संघाच्या निवड चाचणीतून तिसऱ्या दिवशी घरी पाठवण्यात आलं, कारण तिचे पाय मधल्या रेघेपाशी आपोआप थांबत.' नाव दिलेलं नाही. पण त्या वर्षी आपल्या राज्यातून चाचणीला एकच मुलगी गेली होती, हे कुणाला ठाऊक नाही?

वकील लोक कुठून काय उकरून काढतील याचा नेम नसतो. दावा लावणाऱ्या मुलींच्या वकील, हॉलोरनबाई, मला भेटल्या होत्या हे खरं आहे. त्यांना मी आकडे दिले. आमच्या कपाटात बास्केटबॉल खेळलेल्या त्रेचाळीस बायकांची कार्डं आहेत आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस आघाडीच्या आहेत. बचावातली एकही नाही. हे कार्डांवर लिहिलेलंच आहे, ते कुणीही येऊन मोजू शकतं.

फॉर्म महिनाअखेर पाठवलास तरी चालेल.

तुझी,
कॉरिन


नॉर्बी
२५ नोव्हेंबर १९८४

प्रिय आर्डिस,

आईच्या स्वयंपाकघरातून लिहितेय. थँक्सगिव्हिंगला तू येणार नाहीस हे तिने मला सांगितलं नव्हतं. मी येणार आहे हेही तिने तुला सांगितलं नसणार. तिला वाटलं असेल, दोघी दारातच एकमेकींवर आदळतील आणि मग काय ते होईल.

टर्की कोरडी झाली. बाबांनी तीन वेळा रस्सा मागितला आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी धान्याच्या कोठारासमोरच्या कॅफेत गेले. मग डुएन फ्रिक, तोच जो तुझ्या सामन्यांना ट्रकवर भोंगा लावून यायचा, गल्ल्यापाशी बसल्या बसल्या म्हणाला, "या, कोर्टकचेरीवाल्या बाई. कॉफी हवी असेल तर रेघ ओलांडून इकडे यावं लागेल. की तुमच्या घराण्यात सगळ्यांचेच पाय थांबतात?"

सगळे हसले. म्हणजे गावाने ते वाक्य तोंडपाठ केलं आहे आणि नावही लावलं आहे.

तिथे कोच डर्क्स बसले होते. ते एकटे हसले नाहीत. माझ्यासाठी खुर्ची ओढून म्हणाले, "बस. तू माझ्या हाताखालची सगळ्यात चिवट बचाव होतीस. चार वर्षांत समोरच्या किती पोरींना वीस गुणांच्या वर जाऊ दिलंस?"

"दोघींना."

"दोघींना. बघ, आकडे तुला पाठ आहेत. मग मला एक सांग, हा खेळ गेला तर आपल्या पोरींचे सामने बघायला कोण येणार? पाचजणींचा खेळ पोरं खेळतातच. पोरांसारखंच खेळायचं, तर लोक पोरंच बघतील. इथे पोरींसाठी दुकानं बंद होतात. जगात कुठे होतात?"

ते चूक बोलत नव्हते. ते फक्त बचावाच्या तिघींबद्दल बोलत नव्हते.

जाताना म्हणाले, "आर्डिसबद्दल जे छापलंय, ते ज्याने कुणी सांगितलं असेल, त्याचं माझ्याशी काही बोलायचं काम नाही." आणि माझ्या कॉफीचे पैसेही तेच देऊन गेले.

आता आईचं. काल भांडी पुसताना तिने विचारलं. तू तिला ओळखतेस, ती कधी सरळ विचारत नाही.

"माझं पित्ताशय काढलं त्याला किती वर्षं झाली गं?"

"तेरा."

"तेरा वर्षं मी चर्चमधल्या प्रत्येक बाईला सांगत आलेय की माझी पोरगी देशाच्या संघात निवडली जात होती आणि माझ्या ऑपरेशनसाठी सगळं टाकून घरी आली. पाद्रीबाबांनी त्यावर प्रवचन दिलं होतं. मी पहिल्या बाकावर बसून रडले होते." ताट पुसून झालं होतं तरी ती पुसत राहिली. "आता मला एवढंच सांग, मी खोटं सांगत होते का?"

मी म्हटलं, "पेपरवाले काय, काहीही लिहितात."

"पेपरवाल्यांचं नाही विचारलं मी."

"आई, मी तेव्हा दहा वर्षांची होते."

हे तुला कळवायला हवं असं वाटलं. मी आईला काही सांगितलेलं नाही.

फॉर्म आला नाही. दुसरा जोडते आहे.

कॉरिन


आयोवा सिटी
२० जानेवारी १९८५

आर्डिस,

या वेळी ऑफिसचं पाकीट नाही. परत पाठवायचं असेल तर न उघडता पाठव, मी समजेन.

ते मीच सांगितलं.

तुला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जगात तू ते एकाच माणसाला सांगितलं होतंस. तरी मी दोन पत्रं अशी लिहिली की जणू वकिलांना ते रस्त्यात सापडलं. खरंखोटं तपासायचा मला पगार मिळतो, आणि घरच्या पत्रात मी हे केलं.

कसं झालं ते लिहिते. माफीसाठी नाही. तपशील चुकीचा राहू नये म्हणून.

ऑगस्टमध्ये हॉलोरनबाईंनी आकडे घ्यायला मला बोलावलं. तिथे रोंडा क्लाइन बसली होती. दावा लावणाऱ्या मुलींपैकी एक, सतरा वर्षांची, माझ्याहून वीतभर उंच, वडील दुधाचा टँकर चालवतात. बचावात खेळते. तिच्यासमोर आलेल्या एकाही मुलीला मागच्या मोसमात तिने दहा गुणांच्या वर जाऊ दिलं नाही. तिने एकोणीस कॉलेजांना शिष्यवृत्तीसाठी पत्रं लिहिली होती. आठ जणांनी नुसता नकार कळवला, अकरा जणांनी उलट प्रश्न विचारला होता: दर सामन्याला सरासरी किती गुण? तिने अकरा ठिकाणी प्रामाणिकपणे लिहिलं, शून्य. मला ती पत्रं दाखवताना ती हसत होती. म्हणाली, "मी शून्याच्या पुढे 'नियमानुसार' असंही लिहिलं होतं. पण त्यांना वाटलं असेल, ही नियमाने शून्य काढते."

हॉलोरनबाई माझे आकडे बघून म्हणाल्या, "छान आहेत. पण समोरचा वकील म्हणेल, बचावाच्या मुलींचं नुकसान होतं ना, मग आघाडीच्यांचं तर भलं होतं? मला असं एखादं माणूस हवं, ज्याला या खेळाने सगळं दिलं आणि तरी खड्ड्यात घातलं."

आणि मी तोंड उघडलं.

ओमाहाच्या बस स्टँडवर आम्ही तुला घ्यायला आलो होतो. बाबा पेट्रोलचे पैसे द्यायला आत गेले. तू ट्रकमध्ये मधे बसली होतीस, मी खिडकीशी. मी विचारलं, "तू जिंकलीस का?" तू समोरच्या काचेकडे बघत म्हणालीस, "बुटके, माझे पाय थांबले." पहिल्या दिवशी बाकीच्या मुली हसल्या, दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक बाईंनी मधल्या रेघेवर चटई टाकली, म्हणजे ती तुला दिसू नये. तरी तू थांबलीस. समोरची पळत पुढे गेली आणि तू रेघेशी उभी राहून तिला जाताना बघितलंस, जशी सहा वर्षं बघत आली होतीस. तू म्हणालीस, "मला माहीत होतं पळायचं आहे. पायांना माहीत नव्हतं." मग बाबा आले आणि तू एकदम वेगळ्या आवाजात म्हणालीस, "आईची तब्येत कशी आहे? मी तिच्यासाठीच आले."

हे सगळं मी हॉलोरनबाईंना सांगितलं. चटईसकट.

न्यायासाठी सांगितलं असं मी पाच महिने स्वतःला सांगत होते. ते खरंही आहे, रोंडाची ती अकरा पत्रं मी विसरू शकत नाही. पण दुसरंही आहे. गावच्या पाटीवर तुझं नाव आहे, शाळेच्या जिममध्ये तुझा फोटो आहे, आणि मी त्याच जिममध्ये चार वर्षं घाम गाळून एकही गुण न मिळवता बाहेर पडले. लोक म्हणायचे, आर्डिसची बहीण ना, ती पलीकडच्या बाजूला असते. हॉलोरनबाईंच्या खोलीत दोन माणसं माझं बोलणं लिहून घेत होती. सांगताना मला बरं वाटलं, आर्डिस. हेच मी लपवत होते. बाकीचं तुला माहीतच होतं.

युनिव्हर्सिटीत पहिल्या दिवशी माझी पेटी तू तिसऱ्या मजल्यावर चढवलीस. बाबा खाली गाडीत बसून राहिले, त्यांना आत यायची लाज वाटत होती. तू मात्र प्रत्येक मुलीला थांबवून सांगत होतीस, "ही आमच्या घरातली पहिली."

मी हॉलोरनबाईंना ते वाक्य काढून टाकायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता उशीर झाला. समोरच्यांनी तुमच्या बहिणीलाच साक्षीला बोलावलंय."

कॉरिन


आयोवा सिटी
२४ मार्च १९८५

आर्डिस,

तू तिथे होतीस, तरी लिहिते आहे. मी कुठे बसले होते आणि तिथून काय दिसलं, ते तुला माहीत नाही.

आई माझ्या शेजारी होती, चर्चचा निळा कोट घालून. बाबा आले नाहीत, त्यांनी कारखान्यात पाळी बदलून मागितली नाही. आईच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत तुझ्यासाठी सँडविच होतं, कोर्टात खायला मिळतं की नाही म्हणून.

तू चांगलं बोललीस. तू म्हणालीस, "मी सहाशे वस्तीच्या गावातली, डुकरं कापणाऱ्या कामगाराची मुलगी. या खेळाशिवाय माझं नाव पुढच्या गावातही कुणाला कळलं नसतं." न्यायाधीश मान हलवत होते. त्यांच्या मुलीही खेळल्या असतील.

मग हॉलोरनबाई उठल्या. चाचणीचं विचारलं. तू म्हणालीस, "आई आजारी होती. मी स्वतःहून परत आले."

"तुमचे पाय मधल्या रेघेपाशी थांबत होते, हे खरं आहे का?"

"नाही."

"हे तुम्ही तुमच्या बहिणीला सांगितलं होतं?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तू आईकडे बघितलंस. "माझी बहीण दहा वर्षांची होती. त्या वयात मुलं काहीही रचतात."

बायबलवर हात ठेवून तू खोटं बोललीस, आणि ते कुणासाठी हे त्या खोलीत दोघींनाच कळलं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

दुपारी मला बोलावलं. हॉलोरनबाईंनी मोठ्या विश्वासाने विचारलं, "ओमाहाच्या बस स्टँडवर तुमच्या बहिणीने तुम्हाला काय सांगितलं?"

रोंडा पहिल्या रांगेत होती. तिने केस विंचरून मागे घट्ट बांधले होते, सामन्याला बांधतात तसे.

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

बाईंना वाटलं मला प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी पुन्हा विचारला. मी पुन्हा तेच म्हटलं. समोरचा वकील उठलासुद्धा नाही, त्याला काही विचारायचंच उरलं नाही. उतरताना मी रोंडाच्या समोरून गेले. ती हळूच म्हणाली, "तुम्हीसुद्धा शून्य?" त्यात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

मला वाटलं, मी एकीला तरी वाचवलं. गाड्या लावतात तिथे मी तुझ्यामागे पळत आले, ते या समजुतीने. तू किल्ली शोधत होतीस. मी "आर्डिस" म्हटलं आणि तू वळून जे म्हणालीस ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण आता मला काहीच विसरल्याचं सोंग करता येत नाही.

"आधी तू मला विकलंस. आता मला भीक घातलीस. दोन्ही वेळा विचारलं नाहीस."

आणि गाडी सुरू करून गेलीस. सँडविच आईच्या पिशवीतच राहिलं.

परतीच्या रस्त्यात आम्ही चाळीस मैल आलो. मग आई म्हणाली, "तुझ्या वयाच्या तिसऱ्या वर्षी कोंबड्यांचं दार उघडं कुणी टाकलं, तेही तुला आठवतं."

मी गाडी चालवत राहिले.

"तू 'आठवत नाही' म्हणालीस ना, तेव्हा मला कळलं," आई म्हणाली. "आर्डिस नाही म्हणाली तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला होता गं. तू बोललीस आणि मला सगळं कळलं."

म्हणजे माझ्या खोट्याने तुझं खोटं फोडलं. तू आईसाठी बायबलवर हात ठेवलास आणि मी ते फुकट घालवलं.

ती तुझ्यावर रागावलेली नाही. तिने एवढंच विचारलं, "तेरा वर्षं पोरगी हे एकटीने घेऊन बसली, आणि मी तिला बायकांसमोर उभी करून मिरवत होते. तिला कसं वाटत असेल?" ती तुला फोन करेल. उचल.

या मार्चमध्ये स्पर्धेचं वर्णन रेडिओवर तुझ्या जागी दुसऱ्याच कुणी केलं. आवाज बरा होता. पण त्याला बचावातल्या एकीचंही नाव माहीत नव्हतं. तू दर वेळी सहाच्या सहा नावं घ्यायचीस.

कॉरिन


आयोवा सिटी
२९ एप्रिल १९८५

आर्डिस,

पेपरात वाचलं असशील. निकाल लागलाच नाही, त्याआधी तडजोड झाली. पुढच्या वर्षापासून ज्या शाळेला पाचजणींचा खेळ हवा तिने तो घ्यावा, ज्यांना जुना हवा त्यांनी जुना ठेवावा. हॉलोरनबाईंनी मला कराराची प्रत पाठवली. बरोबर चिठ्ठी नव्हती. सोळा पानं आहेत. नवव्या पानावर माझा तक्ता आहे, त्रेचाळीस नावं आणि समोर 'आघाडी', 'आघाडी', 'आघाडी'. संघटनेच्या वकिलांनी म्हणे तो तक्ता बघूनच हात टेकले.

तुझं वाक्य त्यात कुठेच नाही. त्याची गरज पडली नाही. कपाटातली कार्डं पुरली असती. ऑगस्टमध्ये मी आकडे टेबलावर ठेवून घरी आले असते, तर आजचा करार शब्दाशब्दाने हाच झाला असता. हे मी रोज सकाळी ऑफिसात कपाट उघडताना स्वतःला सांगते.

रोंडाला त्याचा उपयोग नाही. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. ती अंड्यांच्या कारखान्यात लागली आहे. तिच्या धाकट्या बहिणीला होईल उपयोग. मी पत्र लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. मोठ्या बहिणींकडून उत्तर न येण्याची मला आता सवय झाली आहे, असं लिहिणार होते, पण तो विनोद माझा मलाच आवडला नाही.

नॉर्बीच्या शाळेने सभा घेतली. कोच डर्क्स जुन्या खेळाच्या बाजूने बोलले आणि सात मतांनी हरले. घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पाचजणींच्या खेळाचं पुस्तक घ्यायला ग्रंथालयात आले, असं आईने सांगितलं.

आता तुझी नोंद. मी ती लिहिली आहे. चौसष्ट गुण, तीन वर्षांचे विक्रम, रेडिओची अकरा वर्षं. चाचणीबद्दल काही नाही. त्याला एकच साक्षीदार आहे आणि तिने शपथेवर सांगितलं की तिला आठवत नाही, म्हणजे आमच्या नियमाने ते घडलेलंच नाही. आईच्या ऑपरेशनचंही नाही. नोंद खोटी नाही, आणि खरी आहे असंही मला वाटत नाही. ट्वेट साहेब म्हणाले, "अर्धा स्तंभ, उत्तम." छपाईला दहा मेच्या दुपारी बाराला जाते.

नोंद सोबत आहे. आतापर्यंत मी तुला फॉर्म पाठवत होते आणि चौकोनात खूण करू नकोस म्हणत होते. ते विचारणं नव्हतं. आज विचारते. ही छापू का? बदलू का? की नको? तू सांगशील ते करेन. माझं मत मी लिहीत नाही.

कॉरिन


आयोवा सिटी
१० मे १९८५

आर्डिस,

उत्तर आलं नाही, म्हणून आज सकाळी साडेदहाला मी तुझ्या दुकानात फोन केला. तू उचलशील असं वाटलं नव्हतं. मागे कुणीतरी मुलगा बुटांचा नंबर विचारत होता. तू त्याला "एक मिनिट" म्हणालीस, मला नाही.

मी म्हटलं, "दीड तास राहिलाय. नोंद वाचलीस?"

"वाचली."

"काय करू?"

मुलाने पुन्हा नंबर विचारला.

"खरंच विचारतेयस?"

"हो."

"नको," म्हणालीस. एवढंच. या वेळी फोन आपटला नाहीस, हळू ठेवलास.

मी खूप काही बोलू शकले असते. की तुझ्यासारखी मुलगी या राज्यात पुन्हा होणार नाही, कारण आता तो खेळच उरणार नाही. की शंभर वर्षांनी कुणी हे पुस्तक उघडेल तेव्हा त्याला तू भेटायला हवीस. की हे पुस्तक मी तुझ्या अर्ध्या स्तंभासाठीच इतक्या जिवाने केलं. हे सगळं माझ्या जिभेवर होतं आणि अजून आहे. ते बोलणं म्हणजे पुन्हा न विचारणं झालं असतं.

मी कार्ड काढलं. टंकलेखनाच्या प्रतीतून पान काढलं आणि पुढचे क्रमांक हाताने बदलले, या पहिल्या खंडातल्या उरलेल्या दोनशे पंचाहत्तर नोंदींचे. ब्रुकर नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ आहे, त्याने ओकच्या पानांवरच्या किडीवर चाळीस वर्षं काम केलं. त्याच्यानंतर लगेच ब्रूस्टर आहेत, शहराच्या महापौर होत्या. दोन्ही नोंदी एकमेकींना चिकटल्या आहेत. वाचणाऱ्याला मधे कुणी होतं असं कळणार नाही.

पावणेबाराला ट्वेट साहेब गठ्ठा चाळत माझ्या टेबलाशी आले. त्यांनी ब्रुकर बघितला, ब्रूस्टर बघितली, पुन्हा मागे गेले.

"तुमची बहीण कुठे गेली? अहो, या राज्यातली सगळ्यांत नावाजलेली मुलगी ती!"

"होय, सर."

"मग? विसरलात?"

"नाही," मी म्हटलं. "तिला विचारलं."

कॉरिन